निवडणूकच झाली नाही, तरी काय बिघडलं?

बेळगाव जिल्हा पंचायतीची निवडणूक 2016 साली झाली. सदस्यांची पाच वर्षांची मुदत 2021 मध्ये संपली आणि वेळेवर व्हायची ती पुढची निवडणूक वर्षानुवर्षं लांबत गेली. तालुका पंचायतींचं तेच झालं, आणि बेळगावपुरतं नव्हे, अख्ख्या कर्नाटकात. घाटापलीकडे महाराष्ट्रातही काही वेगळं नव्हतं. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली, मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये.

एवढ्या मोठ्या गोष्टीवर व्हायला हवा होता तेवढा आरडाओरडा कुठे झाला नाही. रस्ते होत राहिले, नळाला चार-आठ दिवसांनी का होईना पाणी येत राहिलं, दाखले मिळत राहिले. त्यामुळे 'सदस्य नव्हते म्हणून माझं काय अडलं?' असं कुणी विचारलं तर तो प्रश्न खोडसाळ म्हणून झटकून टाकता येत नाही. त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागतं.

## प्रशासक म्हणजे नेमकं कोण?

निवडून आलेलं सभागृह नसतं तेव्हा त्याचे सगळे अधिकार सरकार एका अधिकाऱ्याच्या हाती देतं. तो प्रशासक. कर्नाटकात महापालिकेत बहुधा जिल्हाधिकारी किंवा त्याच्या वरचा अधिकारी, जिल्हा पंचायतीत राज्य सरकारने नेमलेला वरिष्ठ अधिकारी.

बेळगाव महापालिकेत 58 प्रभाग आहेत. सभागृह असतं तेव्हा एखादा ठराव आधी विषयपत्रिकेवर येतो, स्थायी समितीत जातो, सर्वसाधारण सभेत त्यावर कडाकडा भांडणं होतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात कोण काय बोललं ते छापून येतं. प्रशासक असतो तेव्हा तोच ठराव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि सहीने मंजूर होतो. निर्णय कदाचित तोच असेल, कदाचित बराही असेल. पण तो का घेतला, कुणी विरोध केला, दुसरा पर्याय होता का, याची नोंद कुठेही राहत नाही. आणि तो चुकला तर पुढच्या निवडणुकीत पाडायला समोर माणूसच नसतो, कारण प्रशासकाची फार तर बदली होते.

## घटना काय सांगते?

1992 साली घटनेत 73 वी आणि 74 वी दुरुस्ती झाली, ती 1993 पासून लागू आहे. तिच्यातल्या दोन तरतुदी इथे महत्त्वाच्या. पंचायत असो वा पालिका, मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवस जास्त नाही, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुदतीआधी संस्था बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यायची. पालिका बरखास्त करण्याआधी तिला आपली बाजू मांडायची संधी द्यायची, हेही लिहून ठेवलेलं आहे. या निवडणुका घेण्यासाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आहे. लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा.

मग निवडणूक अडते कुठे? प्रभाग किंवा मतदारसंघांच्या सीमा आखणं आणि कुठली जागा कुणासाठी राखीव ते ठरवणं, ही दोन कामं झाल्याशिवाय राज्य आयोगाला मतदान जाहीर करता येत नाही, आणि या कामांवर राज्य सरकारची पकड असते. आराखडा उशिरा येतो. आला की त्यात घोळ निघतात, कुणीतरी कोर्टात जातो, स्थगिती मिळते, नवा आराखडा येतो, त्याविरुद्ध आणखी कुणीतरी जातो. ओबीसी आरक्षणासाठी आधी माहिती गोळा करा, अशी अट सर्वोच्च न्यायालयाने घातल्यावर या साखळीला आणखी एक कडी लागली. यातली प्रत्येक पायरी कायदेशीर असते, म्हणून तर कुणावर बोट ठेवता येत नाही. सत्तेत कुठलाही पक्ष असला तरी आमदारांना मध्ये जिल्हा पंचायत सदस्य नसलेला बराच सोयीचा पडतो, हे मात्र उघड गुपित आहे.

बेळगाव महापालिकेला तर याची सवयच झाली आहे. 2005 साली सभागृहाने बेळगाव महाराष्ट्रात घ्यावं असा ठराव केला आणि सरकारने ते बरखास्त केलं. डिसेंबर 2011 मध्ये पुन्हा बरखास्ती. त्यानंतरची निवडणूक मार्च 2013 मध्ये, म्हणजे सहा महिन्यांचा नियम असताना सव्वा वर्षाने. मार्च 2019 मध्ये मुदत संपली, मतदान झालं सप्टेंबर 2021 मध्ये. बरं, मतदान झालं म्हणून कारभार सुरू झाला असंही नाही. महापौर-उपमहापौरांची निवड फेब्रुवारी 2023 मध्ये झाली. लोकांनी मत दिल्यानंतर जवळपास दीड वर्ष नगरसेवक नुसते नावाला होते.

गंमत अशी, की पंचायतींना खरे अधिकार देण्यात कर्नाटक एकेकाळी देशात पुढे होतं. 1983 चा इथला कायदा घटनादुरुस्तीच्या दहा वर्षं आधीचा, आणि महिलांना 25 टक्के जागा राखून 1987 साली त्याखाली निवडणुका झाल्या होत्या. चांगला कायदा केला म्हणजे तो आपोआप पाळला जातो असं नाही.

## पण कारभार तर चालतोच की!

चालतो. काही बाबतींत झटपटही चालतो. नगरसेवकांची भांडणं, टक्केवारी, पक्षांतराचा तमाशा हे सगळं पाहिल्यावर 'साहेबच बरे' असं वाटणं साहजिक आहे.

यात नुकसान दोन प्रकारचं. एक पैशाचं. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाला निवडून आलेली संस्था असण्याची अट घातली. सभागृह नाही म्हणजे केंद्राकडून येणारा तो वाटा अडकतो, आणि वर्ष निघून गेलं की परत मिळवणं कठीण.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. खानापूरकडच्या भातशेतीचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात बांधाला खेकडे बिळं पाडतात. पहिल्या दिवशी पाणी नुसतं झिरपतं, पिकाला काही होत नाही. शेतकरी मात्र इरलं पांघरून बांधावरून फेरी मारतो, पाय दाबून बघतो आणि दिसलं बीळ की चिखलाचा गोळा कोंबतो. चार दिवस फेरी चुकली तर एका रात्रीत बांध फुटतो आणि मग सगळे म्हणतात, 'काय पाऊस झाला!' पाऊस तर दरवर्षीच होतो. त्या वर्षी फेरी झाली नव्हती.

राज्यशास्त्रात याला लोकशाहीची झीज म्हणतात: सत्ता एका हाती जाते, पण रणगाडे रस्त्यावर न आणता, कायद्याच्या चौकटीत राहून, थोडी थोडी. तपासणी करणारं एखादं पद रिकामं ठेवायचं, एखादी मुदत वाढवायची, एखाद्या सभेला परवानगी नाकारायची. लोकांचं लक्ष नसेल तर पुढच्या वेळी थोडं जास्त. हुकूमशाहीकडे झुकणाऱ्या सरकारला लोकांचा पाठिंबा लागतोच असं नाही. लोक घरी बसले तरी त्याचं भागतं.

## असं खरंच कुठे घडलं आहे का?

आपल्याच देशात. 1971 साली निवडून आलेल्या लोकसभेची मुदत मार्च 1976 मध्ये संपत होती. आणीबाणी चालू होती, घटनेत तशी सोय होती, म्हणून संसदेने स्वतःचीच मुदत दोनदा वाढवून घेतली. शेवटी मार्च 1977 मध्ये निवडणूक झाली आणि सरकार गेलं. यातलं एक टोचणारं सत्य असं, की कर्नाटकात तेव्हाही काँग्रेसला 28 पैकी 26 जागा मिळाल्या. प्रत्येक प्रदेशाने एकच कौल दिला नाही, द्यावा असाही नियम नाही. पण कौल मागितला गेला, तेव्हा देणारे लोक हजर होते.

परदेशातली तीन उदाहरणं मोलाची आहेत.

व्हेनेझुएलात 2005 साली विरोधी पक्षांनी संसदेच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. मतदान जेमतेम 25 टक्के झालं आणि सगळ्याच्या सगळ्या 167 जागा राष्ट्राध्यक्ष चावेझ यांच्या बाजूला गेल्या. पुढची पाच वर्षं हवे ते कायदे करताना संसदेत अडवणारा एकही विरोधी सदस्य निवडून आलेला नव्हता.

पोलंडमध्ये आठ वर्षं सत्तेत असलेल्या पक्षाने न्यायालयं आणि सरकारी दूरचित्रवाणी बरीच आपल्या ताब्यात आणली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथे 74 टक्क्यांहून जास्त मतदान झालं. व्रोत्स्वाफ शहरातल्या एका केंद्रावर रांग पहाटे तीनच्या सुमाराला संपली. सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं.

तिसरं दक्षिण कोरियाचं. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री साडेदहाच्या सुमाराला राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा जाहीर केला. तिथल्या घटनेप्रमाणे 300 पैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान 151 खासदारांनी मागणी केली तर तो उठवावाच लागतो. सैनिक संसदेच्या आवारात शिरले होते, बाहेर लोक जमले होते, खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले. रात्री एकच्या सुमाराला 190 जण सभागृहात होते आणि सगळ्यांनी विरोधात मत दिलं. पहाटे साडेचारच्या सुमाराला लष्करी कायदा मागे घेतला गेला. एप्रिल 2025 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना पदावरून काढलं.

त्या रात्री सगळा मामला अखेर हजेरीवर आला. तरतूद कागदावर होतीच, पण 151 माणसं आत नसती तर तिचा काडीचा उपयोग झाला नसता. आपल्या ग्रामपंचायतीत ज्याला कोरम म्हणतात, तोच हा.

## आम्ही मतदान करतो, तेवढं पुरे नाही का?

मतदानात सीमाभाग मागे नाही. 2024 च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात सुमारे 71 टक्के आणि चिक्कोडीत सुमारे 78 टक्के मतदान झालं. 2021 च्या महापालिका निवडणुकीत मात्र बेळगाव शहरात आकडा 50 टक्क्यांच्या आसपास घुटमळला. घरापासून जेवढी सत्ता लांब, तेवढा आपला उत्साह जास्त. गटार, घरपट्टी, पाणी यांचा निकाल जिथे लागतो तिथे निम्मं शहर घरी.

शिवाय मतदान करता येण्यासाठी यादीत नाव असावं लागतं. कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदमध्ये, अक्कलकोटला लागून असलेल्या त्या तालुक्यात, 2023 च्या विधानसभेआधी मतदारयादीतून नावं काढण्यासाठी 6,018 ऑनलाइन अर्ज आले. चौकशी केली तेव्हा त्यातले फक्त 24 खरे निघाले. ज्यांच्या नावाने अर्ज झाले होते त्या मतदारांना पत्ताही नव्हता. आता हे उघडकीस कसं आलं पाहा: मतदारयादीचं काम बघणाऱ्या एका बीएलओ बाईंना आपल्याच नात्यातल्या माणसाचं नाव काढण्याचा अर्ज दिसला, अर्जदार म्हणून शेजाऱ्याचं नाव होतं, त्यांनी शेजाऱ्याला विचारलं आणि तो म्हणाला, मी असला काही अर्ज केलेलाच नाही. मोठ्या यंत्रणेतली फट कुणीतरी शेजारी जाऊन विचारल्यामुळे सापडली. नंतर गुन्हा दाखल झाला आणि ती नावं वाचली.

बीएलओ म्हणजे तुमच्या मतदानकेंद्राच्या यादीची जबाबदारी असलेली व्यक्ती, बहुधा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या बाई. यादीबाबत चार गोष्टी माहीत हव्यात.

नवीन नावासाठी फॉर्म 6. नाव काढण्याच्या मागणीसाठी फॉर्म 7. पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी फॉर्म 8. फॉर्म 7 त्याच मतदारसंघातला मतदारच देऊ शकतो, आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अठरा वर्षं पूर्ण होण्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. पोराचं नाव घालायला पुढच्या वर्षाची वाट बघायची गरज नाही.

स्थानिक निवडणुकीची यादी विधानसभेच्या यादीवरून प्रभागवार पाडली जाते. हे पाडताना गल्लीची एक बाजू शेजारच्या प्रभागात जाणं, एकाच घरातली दोन नावं दोन प्रभागांत पडणं हे नेहमीचं. विधानसभेला मत दिलं म्हणजे पालिकेच्या यादीतही नाव बरोबर असेल असं गृहीत धरू नका. कच्ची यादी लागते तेव्हाच बघा. हरकतीचे दिवस थोडे असतात आणि मतदानाच्या सकाळी कुणीही काही करू शकत नाही.

चौथी सीमाभागाची खास अडचण. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, पुणे किंवा गोव्यात नोकरीला गेलेल्या अनेकांची नावं दोन ठिकाणी असतात. हे बेकायदेशीर आहे, आणि कुणी हरकत घेतली तर दोन्हीकडचं गमावण्याची वेळ येऊ शकते. कुठे मत द्यायचं ते एकदाच ठरवून फॉर्म 8 भरलेला बरा.

## सगळेच चोर, मग बहिष्कार का टाकू नये?

बहिष्काराचा अनुभव व्हेनेझुएलाने दिला. बांगलादेशाने 2014 मध्ये दिला: मुख्य विरोधी पक्ष बाहेर राहिला आणि 300 पैकी 153 जागा मतदानाशिवाय बिनविरोध निघाल्या. नोटाचं बटण 2013 पासून आहे, पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच निवडून येतो. राग नोंदवला जातो एवढंच.

गावात याचंच एक सोज्वळ रूप दिसतं: 'गावात वाद नको, बिनविरोध करू.' चर्चेतून खरोखर एकमत झालं तर छानच. पण डिसेंबर 2020 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत राज्यात काही गावांत देवळाच्या बांधकामासाठी जास्त बोली लावणाऱ्याला जागा देण्याचे, म्हणजे चक्क लिलावाचे प्रकार बाहेर आले. देवाच्या नावावर मतदानाचा हक्क विकला गेला आणि पाच वर्षं हिशेब विचारायची सोय राहिली नाही. ज्याने पैसे मोजलेत त्याला तुम्ही काय विचारणार?

उलट टोकाचं उदाहरण बेळगावचंच आहे. 1996 च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने आखलेला तो डाव होता. मतपत्रिकेची पुस्तिका छापायची पाळी आली, मतदान पुढे ढकलावं लागलं. त्याच वर्षी नलगोंडा इथे 480 उमेदवार होते. या प्रकारांनंतर लोकसभेच्या उमेदवाराची अनामत 500 रुपयांवरून 10,000 रुपये झाली. पटो न पटो, ते निवडणुकीत शिरून केलेलं आंदोलन होतं, म्हणून त्याची दखल घ्यावी लागली.

## ग्रामसभेत जाऊन होतं तरी काय?

सदस्य नसले, प्रशासक आला, तरी एक सभा कायद्याने उरतेच: ग्रामसभा. तिचे सदस्य गावातले सगळे मतदार. तिला बरखास्त करता येत नाही. कर्नाटकाच्या कायद्याप्रमाणे सहा महिन्यांतून किमान एकदा ती झाली पाहिजे, आणि तिच्याआधी प्रत्येक वॉर्डाची वॉर्डसभा. ग्रामसभेचा कोरम एकूण मतदारांच्या एक दशांश किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते.

घरकुलाच्या लाभार्थ्यांची निवड इथेच होते. पंचायतीच्या वर्षभराच्या कामांचा आणि खर्चाचा हिशेब लोकांसमोर तपासायची जमाबंदी नावाची वेगळी सोयही आहे. आणि तरीही बहुतेक गावांत ग्रामसभा कशी होते? नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते, ती बघायला तिथे गेलेलं कुणी नसतं. सभा सकाळी अकराला, नेमकी ऊसतोडीच्या किंवा रोप लावणीच्या दिवसांत. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), चार सदस्य, अंगणवाडी आणि आशाच्या बायका, दहा-बारा रिकामे लोक. पीडीओ यादी वाचतो, 'मंजूर?' म्हणून विचारतो, कुणीतरी 'मंजूर' म्हणतं. मग सह्यांची वही संध्याकाळपर्यंत गल्लीगल्लीतून फिरते. 'घरकुलासाठी सही पाहिजे' म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? कागदावर शंभर माणसं हजर.

हे रोखायला भाषणबाजी लागत नाही.

सभेआधी विषयपत्रिका मागा. वॉर्डसभा झाली का आणि तिथल्या मागण्या यादीत आल्या का, हे विचारा. कोरम नसेल तर ते तिथेच बोलून दाखवा आणि नोंदवायला लावा. तहकूब झालेली सभा ही मंजूर झालेल्या खोट्या सभेपेक्षा बरी. सभा उठण्याआधी वहीतल्या शेवटच्या सहीखाली रेघ मारून 'उपस्थिती इतकी, वेळ इतकी' असं लिहायचा आग्रह धरा आणि मोबाईलवर फोटो काढा. या एका रेघेने संध्याकाळची फेरी बंद होते. ठराव सभेतच वाचून दाखवायला सांगा. 'नंतर व्यवस्थित लिहू' याचा अर्थ बहुतेक वेळा वेगळं लिहू. आणि आठवड्याभरात इतिवृत्ताच्या प्रतीसाठी लेखी अर्ज करून पोच घ्या.

एकट्याने गेलात तर तुम्हाला खोडा घालणारा ठरवतील, हे खरं. दहा जण गेलात तर ठरवणं कठीण जातं. आपल्याकडे गल्लीगल्लीत युवक मंडळ आहे, गणेशोत्सव मंडळ आहे, महिला मंडळ, भिशी, पतसंस्था, सोसायटी आहे. वर्गणीचा पैन् पै हिशेब मंडळात मागणारी पोरं पंचायतीच्या लाखोंच्या हिशेबाला गैरहजर असतात, हे मला आजवर न उलगडलेलं कोडं आहे.

## सगळे कागद कन्नडमध्ये, आम्ही काय बोलणार?

ही खरी अडचण आहे. सीमाभागात लोक कारभारापासून लांब राहण्याचं एक मोठं कारण हेच. पण अडचण जेवढी आहे त्याहून मोठी धरली जाते.

घटनेचं कलम 350 सांगतं, की गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. म्हणजे मराठीतला तक्रार अर्ज 'भाषा चालत नाही' म्हणून परत करता येत नाही. उत्तर मराठीतच मिळेल, असं मात्र ते कलम म्हणत नाही. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत काढावेत, हे सूत्र केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेलं आहे. अंमलबजावणी कशी आहे ते कुठल्याही सरकारी कचेरीच्या फलकावर दिसतं. तक्रार भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे करता येते. त्यांच्या हाती शिक्षेचा अधिकार नाही, पण त्यांच्या अहवालात गोष्ट नोंदली जाते आणि तो अहवाल संसदेपुढे जातो.

माहिती अधिकाराचं गणित वेगळं. तिथे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा लागतो. मराठीत दिला तर नाकारला जाऊ शकतो. मग उगाच तिथे भाषेची लढाई कशाला, हिंदीत लिहा, लिपी तीच. फी 10 रुपये. कर्नाटकाचा खास नियम असा, की अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत हवा. पानभर प्रस्तावना आणि पंधरा प्रश्न असलेले अर्ज इथेच उडतात. 'अमुक तारखेच्या ग्रामसभेचं इतिवृत्त आणि हजेरीपत्रक यांच्या प्रती द्या' एवढं पुरे. 'का' आणि 'कसं' विचारू नका, कागद मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, ते फसलं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

## आवाज उठवला तर जमावबंदी लागते, त्याचं काय?

बेळगावात कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या काळात हे नेहमीचं झालं आहे. पूर्वीचं कलम 144, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163. आदेश लेखी हवा, त्यात कारणं हवीत, आणि साधारण दोन महिन्यांपलीकडे तो चालत नाही. तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितलं. डिसेंबर 2019 मध्ये बेंगळुरूत लावलेली जमावबंदी कर्नाटक उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवली. पण निकाल आला फेब्रुवारीत, तोवर सभांचे दिवस उलटून गेले होते. कोर्ट दाद देतं, बहुधा उशिरा देतं. म्हणून परवानगी नाकारली की तोंडी नकारावर परत फिरू नका. लेखी नकार आणि त्याची तारीख मागा. बेळगाव जिल्ह्याचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठापुढे जातं, आणि हातात कागद नसेल तर वकीलही काही करू शकत नाही.

## या कारभारात पडलो तर सीमाप्रश्नावरचा दावा ढिला पडेल का?

ही शंका उघडपणे कमी बोलली जाते, पण मनात अनेकांच्या असते: कर्नाटकाच्या पंचायतीत, पालिकेत उत्साहाने भाग घेणं म्हणजे कर्नाटक मान्य करणं तर नव्हे?

महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला 2004 मध्ये, घटनेच्या कलम 131 खाली. तो सरकारांमधला दावा आहे. 1956 ची राज्य पुनर्रचना योग्य होती का, हा त्यातला वाद. तुम्ही वॉर्डसभेत गटाराबद्दल बोललात का, याचा त्याच्याशी संबंध नाही.

उलट 2005 कडे पुन्हा पाहावं. त्या ठरावाला धार होती ती निवडून आलेल्या सभागृहाने केला म्हणून. हजार लोकांच्या मोर्चाने जे साधलं नसतं ते एका ठरावाने साधलं, आणि नेमकं त्याच कारणाने सभागृह गेलं. ठराव पटणारे असोत की न पटणारे, त्यांना बोलायला ते सभागृह होतं. प्रशासकाच्या काळात मराठी फलकांचा ठराव करता येत नाही, तसाच कन्नड शाळेच्या छपराचाही करता येत नाही. शहापूरच्या विणकराचं आणि सौंदत्तीच्या शेतकऱ्याचं नुकसान सारखंच.

तेव्हा जिल्हा पंचायत असो वा पालिका, मतदारसंघांचा किंवा प्रभागांचा कच्चा आराखडा जाहीर होईल त्या दिवशी तो उघडून आपल्या गावाची, गल्लीची हद्द कुठून कुठे गेली ते बघा. हरकत असेल तर मुदतीत लेखी द्या, एका मुद्द्याची, नकाशासह, आणि पोच घ्या. नंतर कोर्टात गेलेली हरकत निवडणूक वर्षभर लांबवते. वेळेत दिलेली बहुतेकदा तिथेच मिटते.